बाटल्यांची कावीळ

धोंडबाच्या घराण्यात काविळीचं औषध होतं आणि त्याच्यासोबत आलेला एक नेमही होता. काविळीचा माणूस समोर आला की त्याला तसाच परत पाठवायचा नाही आणि त्याच्याकडून पैसाही घ्यायचा नाही. नरखेडकडच्या गावात त्याचा बाप एका कडू फळाचा रस रोग्यांच्या नाकात सोडायचा. धोंडबाही दर रविवारी गावी जाऊन तेच करी. बाकीचे सहा दिवस तो नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुई.

तिथल्या डॉक्टर इंदुताई चार वर्षं काविळीच्या एका विषाणूच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. रक्त चढवलेल्या माणसांना होणारी ही कावीळ ना धड 'ए' प्रकारची, ना धड 'बी'. तिचा विषाणू बाटलीत वाढवणं जगात कुणालाच जमलं नव्हतं. १९८५च्या मार्चात त्यांनी यकृताच्या पेशींच्या बारा बाटल्या मांडल्या. डावीकडच्या सहांत रोग्याच्या रक्तातलं पाणी घातलं, उजवीकडच्या सहांत धडधाकट माणसाच्या.

"डावीकडच्यांना कावीळ दिली आहे, जपून," एवढं बजावून बाई जेवायला गेल्या.

समोर काविळीच्या सहा जणी, आणि धोंडबाच्या पिशवीत त्या रसाची कुपी. बिचाऱ्याने दुसरं काय करावं? त्याने प्रत्येकीत दोन-दोन थेंब सोडले. नाक नव्हतं, म्हणून तोंडातूनच.

तिसऱ्या दिवशी डावीकडच्या पेशी मेलेल्या, उजवीकडच्या ठणठणीत. विषाणू वाढला आणि त्यानेच पेशी मारल्या, असं समजून इंदुताईंना आनंदाने रडू आलं. शुक्रवारी दिल्लीची समिती येणार होती, आणि दाखवायला काही नसेल तर काम बंद होणार होतं. बाईंनी संत्रा बर्फी मागवली.

धोंडबाने बर्फीला हात लावला नाही.

"माफ करा जी बाई. एकबी वाचली नाही. माह्या औषधाले पह्यल्यांदाच अपयेश आलं."

"कसलं औषध?"

त्याने कुपी पुढे केली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी नव्या सहा बाटल्या मांडल्या, तिघींत नुसता विषाणू, तिघींत नुसता रस. शुक्रवारी सकाळी विषाणूच्या बाटल्या मजेत होत्या. रसाच्या तिन्ही मेल्या होत्या. बाईंनी धोंडबाला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं.

"धोंडबा, आजवर तुमच्या औषधाने किती लोक बरे झाले?"

"सारेच जी. परत भेटाले आले ते सारे."

"आणि जे आले नाहीत?"

 धोंडबाला फार भीती वाटली.

अकराला समिती बसली. बाईंनी काही लपवलं नाही, बर्फीसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे विषाणू वाढलाच नाही. मग हे बंद करायला हवं."

धोंडबा चहाचा ट्रे धरून उभा होता.

"बंद कराचं ते मी केलं जी," तो म्हणाला. "बाईचं चालू द्या. त्यायनं पाह्यलं नसतं, तर येत्या रविवारी पाच जण येऊन राह्यले होते माह्याकडे."