शहागंजचे तारे

इंद्रजीत मोटारीच्या सनरूफमधून छातीपर्यंत बाहेर आला आणि पाचोडच्या बाजारातल्या माणसांना असा हात हलवू लागला, की जणू काल रात्रीच सरहद्द राखून परतलाय. रस्त्याच्या कडेला उभ्या सत्यशीलानं तोंड वाकडं केलं. अंगात लष्करी गणवेश, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही खांद्यांवर दोन दोन तारे. मोटारीपुढे तिचे वडील, कडूबा आबा, गळ्यात ढोल अडकवून घामाघूम होऊन वाजवत होते. सर्जेरावांनी बोलावलं म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. कडूबांची मेंढरं उन्हाळाभर सर्जेरावांच्याच रानात चरायची. आणि इंद्रजीत हा सर्जेरावांचा एकुलता एक मुलगा.

सत्यशीला आणि इंद्रजीत शहरातल्या एकाच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, एनसीसीच्या एकाच कंपनीत. दोघांनाही लष्करात अधिकारी व्हायचं होतं. ती त्यासाठी पळायची, तो त्यासाठी मिशी राखायचा. पहाटेच्या धावण्याला त्याचा पाय हमखास मुरगळायचा आणि नाश्त्याच्या वेळेला आपोआप बरा व्हायचा. त्याच्या बुटांना पॉलिश ज्युनिअर करायचे. शहरात गारखेड्यातल्या खोलीवर आरशासमोर उभं राहून हुकूम सोडायचा सराव मात्र त्यानं कधी चुकवला नाही. त्याच्यासोबत राहणारी पोरंच हे हसून हसून सांगायची.

मग त्याला भोपाळहून लष्कराच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. नुसतं बोलावणं. तिथं पाच दिवस परीक्षा चालते आणि पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त पोरांना गाळून घरी धाडतात. पण बोलावणं आणि निवड यातला फरक समजून घ्यायला सर्जेरावांना सवड कुठली? पोरगा रेल्वेत बसायच्या आत पाचोडच्या स्टँडासमोर फ्लेक्स लागला: 'लेफ्टनंट इंद्रजीत यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या भावकीचे फोटो, कुणी मोबाइल कानाला लावून, कुणी हात जोडून.

इंद्रजीत पहिल्याच दिवशी गाळला गेला. परीक्षा संपायच्या आधीच तो गारखेड्याच्या मेसमध्ये खाली मान घालून वरणभात कालवताना दिसला, तेव्हा कंपनीतल्या सगळ्यांना काय ते कळलं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. चांगली चांगली पोरं गाळली जातात आणि पुन्हा परीक्षा देतात. सत्यशीलाला त्या दिवशी त्याची कीवच आली होती.

ती कीव शहरातल्या शहागंजच्या बाजारात संपली. पट्ट्याचं बक्कल घ्यायला ती गणवेशाच्या दुकानात गेली, तर हा गडी तिथं आरशासमोर उभा. खांद्यावर तारे धरून, मान तिरपी करून, स्वतःवरच खूश होऊन बघत होता.

"गॅदरिंगच्या नाटकात लागतात," तिला पाहून तो म्हणाला.

गॅदरिंग होऊन दोन महिने झाले होते. बापाला खरं सांगायची हिंमत नाही म्हणून जो दुकानात जाऊन अधिकारी होतो, त्याच्याशी बोलायचं तरी काय? ज्याची लाज त्याच्यापाशी, असं म्हणून तिनं बक्कल घेतलं आणि निघाली.

मिरवणूक चौकात थांबली. इंद्रजीत खाली उतरला, हारतुरे झाले. सर्जेरावांनी भाषणात देशाचा उल्लेख एकदा आणि स्वतःचा दहादा केला. सत्यशीला बाजूला उभी होती, आबांना घेऊन कधी एकदा घर गाठते असं तिला झालं होतं. तिलाही भोपाळचं बोलावणं आलं होतं. बुधवारी निघायचं होतं. पण कडूबांनी अजून होकार दिला नव्हता. "जाणत्या माणसाला इचारतो आन सांगतो," एवढंच ते आठवडाभर म्हणत होते, आणि त्यांच्या होकाराशिवाय घरातून पाऊल काढणं तिच्या मनालाच पटत नव्हतं.

जाणता माणूस कोण, ते तिला आता कळलं. कडूबा ढोल सावरत इंद्रजीतपुढे गेले आणि वाकून म्हणाले, "साहेब, आमच्या पोरीला बी भोपाळचं बोलावणं आलंय. धाडू का?"

इंद्रजीतनं तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा नीट केला. त्याला शहागंज आठवलं असणारच.

"नका धाडू, कडूबा मामा," तो नाकानं कांदे सोलत म्हणाला. "लई कडक असतंय तिथं. पोरींचं काम नाय ते. आम्ही कसं निभावलं, आमचं आम्हाला ठावं."

"साहेब म्हणतेत म्हंजी तसंच असंल," कडूबा म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

सत्यशीलाला इंद्रजीतपेक्षा आबांचाच जास्त संताप आला. बाजारात नुसता हात फिरवून मेंढराचं दुखणं ओळखणारा माणूस, आणि चार पितळी तारे पाहून याची अक्कल गेली कुठं? चार वर्षांच्या पहाटा, थंडीत फुटलेल्या टाचा, सगळं या सोंगाड्याच्या एका वाक्यावर वाहून चाललं होतं.

तेवढ्यात गर्दीतून खंडेराव पुढे आले. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला म्हातारा. कोटावर पदकं लावून, काठी टेकत आला होता. त्यांनी काठी शेजारच्याकडे दिली, दुखरा गुडघा ताठ केला, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. इंद्रजीत हसत होता.

"हात खाली घ्या, काका," सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज परेडच्या मैदानावर लागायचा तसा लागला. "हा भोपाळहून पहिल्याच दिशी माघारी आलाय. ते तारे शहागंजातून इकत घेतलेत. मी व्हते तिथं."

खंडेरावांनी हात खाली घेतला नाही. ते इंद्रजीतकडे बघत म्हणाले, "साहेब, पोरगी काय म्हणतीय?"

सॅल्यूटला उत्तर द्यायला इंद्रजीतचा हात उठला, तो खांद्यावर गेला आणि तारे झाकून बसला. खंडेरावांचा हात सावकाश खाली आला. त्यांनी काठी मागून घेतली आणि पाठ फिरवली.

"कडूबा, वाजव," सर्जेराव ओरडले. "बघतोस काय? ढोल वाजव."

कडूबांनी टिपरू उचललं नाही. ते लेकीकडे वळले.

"आन तुला बी पहिल्याच दिशी धाडलं माघारी, तर?"

"तर स्टँडावरून चालत घरी यीन आन धाडलं म्हणून सांगन," सत्यशीला म्हणाली. "पुन्यांदा बी जाईन."

कडूबांनी गळ्यातला ढोल काढला आणि सर्जेरावांच्या मोटारीच्या बॉनेटवर ठेवला.

"मंग जा," ते म्हणाले.