फामोरोनं हिसकावलेली पाती

मी पाती बोलतेय. बोटाएवढी, लोखंडाची, जिभेनं तिखट. गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या दारी जा.

जोलिबा नदीच्या काठावर एका लोहारानं मोडक्या कुदळीचं टोक ठोकून मला घडवलं. घण बसला तेव्हा किंचाळले, पण लोहार कुणाचं ऐकतोय! त्यानं मला बायकोच्या, दुसूच्या हातात दिलं. आमच्याकडं लोहार लोखंड ठोकतो आणि लोहारीण बाळंतपणं करते, गळवं फोडते, देवी काढते.

देवी काढायची म्हणजे देवी आलेल्याच्या फोडातली लस माझ्या टोकावर घ्यायची आणि धडधाकट माणसाच्या दंडावर ओरखडा काढून तिथं लावायची. दोन दिवस ताप, चार फोड, मग जन्मभर भीती नाही. ही विद्या दुसूच्या आजीला मिठाच्या तांड्यातल्या एका बाईनं दिली. वाळवंटापलीकडची, धरून आणलेली. ती मिठाच्या भावात विकली गेली आणि जाता जाता एवढं शिकवून गेली.

पण तिची एक अट होती. देवी फुकट घ्यायची नाही, विकत घ्यायची. आजारी पोराच्या आईशी फोडाच्या दाण्यादाण्याला घासाघीस करायची.

"दाण्याला चार कवड्या."

"चार? दाणे तरी आहेत का पोराच्या अंगावर! दोन घे."

"अगं, खेळतोय बघ कसा! असला हलका माल मिळेल का कुठं?"

मलाही वाटायचं, काय हा बायकांचा बाजार!

मग ज्वारीच्या कापणीला, माणसं धरून विकणाऱ्या फामोरोचे घोडेस्वार आले. छपरं पेटली. जे कुदळी घेऊन धावले, त्यांच्या पोटातून भाले आरपार गेले. म्हातारे कामाचे नाहीत म्हणून त्यांचे गळे तिथंच उंबऱ्यावर कापले. शेजारच्या वासाचा नवरा विहिरीपाशी पडला आणि तिला त्याच्या अंगावरून ओढत नेलं. वासा कोवळी पोर. ना तिला देवी आल्या होत्या, ना काढल्या होत्या. तिची सासू मला भ्यायची.

दुसूला कुणी शिवलं नाही. लोहाराचं रक्त सांडलं की सांडणाऱ्याचं वाटोळं होतं, हे त्या राक्षसांनाही ठाऊक. घरी बसली असती तरी चाललं असतं. पण मला कमरेला खोचून ती दोरीत बांधलेल्यांच्या मागं चालत गेली.

फामोरोच्या छावणीत देवी आल्या. त्यानं दुसूला बोलावलं.

"ए लोहारणी, माझ्या माणसांच्या देवी काढ."

"काढते. वासाची दोरी सोड."

त्यानं बांधलेल्यांतला एक बाप्या गुडघ्यावर बसवला आणि एका घावात मुंडकं उडवलं. रक्ताची चिळकांडी दुसूच्या लुगड्यावर, माझ्यावर.

"आता?"

दुसूनं हात जोडले. "काढते, बाबा. पण आधी विकत घे. घासाघीस कर."

"मी?" फामोरो खदखदून हसला. "मी जन्मात काही विकत घेतलेलं नाही!"

त्यानं मला तिच्या कमरेतून हिसकावलं आणि गेला तो थेट फोडांनी लडबडलेल्या, शेवटचे श्वास घेणाऱ्या शिपायाकडं. लूट करणाऱ्याची नजर ती. त्याला भरलेलंच पोतं दिसणार.

"याच्यात भरपूर आहे रे!"

"त्याची घेऊ नको, मेल्या! हलकी बघ! मराल सगळे!" दुसू ओरडली.

"बघा बघा, लोहारीण भाव वाढवतेय!"

आधी फामोरोनं, मग एकेकानं दंड पुढं केला आणि मी कापत गेले. पातीला नाही म्हणता येत नाही. काम झाल्यावर त्यानं मला चिखलात भिरकावलं.

तेव्हा मला त्या बाईच्या बाजाराचा अर्थ कळला. घासाघीस करायची म्हणजे पोर जवळ घ्यायचं, दाणे मोजायचे, ताप बघायचा, खेळतंय का बघायचं. हलकीच देवी घ्यायची. विद्या त्या बोलण्यात होती. माझ्यात होतं ते नुसतं लोखंड.

दुसूनं मला उचललं, विस्तवात धरलं आणि बांधलेल्या बायकांत शिरली. एका पोरीच्या अंगावर तुरळक दाणे होते आणि ती ज्वारीचं ताट चघळत बसली होती. वासानं तिच्या आईकडं बघितलं.

"एक दाणा दे. गळ्यातला मणी घे."

"फुटका मणी? लाज नाही वाटत?"

"माझं सगळंच फुटलंय, बाई."

त्या नरकात दोघी हसल्या. मग मी वासाच्या दंडात उतरले.

आठवडा सरता सरता फामोरोची माणसं पेटली. जिभा सुजल्या, डोळे चिकटले, पाण्यासाठी नदीकडं सरपटत गेलेली काठावरच सडली. फामोरो स्वतःचं तोंड ओरबाडत मेला. तोवर वासाचा ताप उतरलाही होता.

सुटली मात्र नाही ती. फामोरोचा भाऊ मागून आला, त्यानं बांधलेल्यांतल्या उरलेल्यांच्या मानेत लाकडी बेचकी अडकवली आणि समुद्राकडं विकायला हाकलं. वासाला बांधलेला हात हलवता येईना. तिनं खांदा वळवून दंडावरची खपली दाखवली.

दुसू मागं धावली. "विकत घ्यायला विसरू नको गं! कुठंही गेलीस तरी!"

ती खूण कुठल्या देशात उतरली, मला ठाऊक नाही. पण मी इथंच राहिले आणि विद्या तिच्यासंगं पुढं गेली, एवढं खरं.

आता मी दुसूच्या वंशातल्या न्येबाच्या घरी मासळी खवलते. गंजले, झिजले. देवी जगातूनच गेल्या म्हणतात. परवा टोचायला बाई आली गोवराची सुई घेऊन. न्येबा नातवाला कडेवर घेऊन पुढं झाली.

"काय भाव गं तुझ्या सुईचा?"

"फुकट आहे, आजी."

"फुकट? मग दाखव तरी. कशाची आहे? कुठून आणलीस? ताप किती येतो?"

पोरीसोरी तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही हसू नका रे. दुसऱ्याकडून काही घ्याल तर त्याच्या दारात बसा, विचारा, भांडा, मग घ्या.

फामोरोनं नेमकं हेच केलं नव्हतं.