कुसुमआत्याचा श्वास

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की सर्वांत आधी ऐकू यायचा तो आत्याचा श्वास: वाळल्या पानांवरून कुणी दबकत चालावं तसा. खिडकीतून हिवाळ्याचं फिकट ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर उतरलेलं असायचं, आणि उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळसर धूळ ती ओल्या फडक्यानं खिडकीवरून पुसत असायची. मधेच थांबायची, दम घ्यायची, पुन्हा पुसायची.

कुसुमआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रेल्वेतल्या नोकरीपायी आमचं घर विदर्भातून रायपूरला आलं, आणि आत्या तिथल्याच एका शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवत राहिली. लग्न केलं नाही. वडील गेले, मी सासरी नागपूरला आले. शहर राजधानी झालं, रस्ते रुंदावले, आणि त्या विस्तारात तिच्याशी मराठीत बोलणारं एकेक माणूस नाहीसं होत गेलं.

निवृत्तीनंतर तिला धाप लागू लागली. शंकर नगरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. कारण नक्की सांगता येत नाही, आणि झालेलं उलटवताही येत नाही. मी नागपूरहून येऊन तिच्यासोबत गेले होते; घरी आल्यावर रडत होते. आत्यानं मात्र अंगावरच्या ओढणीचं टोक उजेडात धरलं.

"रडून काय राहिली? समजून घे. छातीखालचा पडदा खाली जाते, बरगड्या फाकतात, अन् हवा आपोआप आत येते. शेवटी बारीक बारीक फुगे असतात, त्यांची भिंत याहून पातळ. पलीकडून रक्त वाहत असते. प्राणवायू भिंतीतून रक्तात जाते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड इकडे येते. कोणी ढकलत नाही. जिथं जास्त, तिथून कमीकडे."

"अन् तुझं?"

तिनं पायावरच्या गोधडीवर हात ठेवला. "माझ्या भिंतीची ही झाली. हवा येऊन राहिली, पण पलीकडे जाऊन नाही राहिली."

"मंग चल ना माझ्यासंगं नागपूरले."

"काहून? तिथली हवा वेगळी आहे का?" ती हसली, आणि त्या हसण्यानंच खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर खिडकीकडे पाहत म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात मले खोकलत बसायचं नाही."

मी एकटीच परतले. मग आमचं नातं फोनवर आलं. होळीपर्यंत ती वाक्यं बोलायची, उन्हाळ्यात शब्द. नंतर मीच बोलत राहायचे, आणि पलीकडून प्राणवायूच्या यंत्राची अखंड घरघर, तिच्यात बुडत-तरंगत तिचा श्वास. एकदा माझ्याजवळचंही बोलणं संपलं. तरी फोन कुणी ठेवला नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ये."

मी त्याच दुपारी निघाले.

तिच्या ओठांवर निळसर छटा आली होती, नाकात नळी, खांदे प्रत्येक श्वासासाठी वर उचलले जात होते. खालच्या मजल्यावरच्या बाई पेज ठेवून गेल्या, जाताना हळूच म्हणाल्या, "दीदी किसी से बात ही नहीं करतीं." मी जवळ बसले, तेव्हा आत्यानं माझं मनगट धरलं.

"बोल. मराठीत बोल."

मी बोलत राहिले. माझ्या पोट्टीच्या खोड्या, नागपूरचं ऊन, वडील तिला कशी हाक मारायचे ते. डोळे मिटून ती ऐकायची, आणि एखाद्या शब्दावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणभर सैल व्हायचा. काही दिवस असे गेले. मग एका दुपारी, माझं वाक्य अर्धवट असताना, तिनं श्वास सोडला. पुढचा घेईल म्हणून मी थांबले. माझ्या मनगटावरची बोटं अलगद सुटली. यंत्र चालूच होतं. ते बंद करायला माझा हात कितीतरी वेळ उठला नाही.

माणूस एका क्षणी जातं असं मी समजत होते. तसं नसतं. त्याचं नसणं पुढच्या साऱ्या ऋतूंतून थोडं थोडं येत राहतं, आणि प्रत्येक आठवणीत ते माणूस नव्यानं जातं.