शेवटचं पान कोणी पळवलं?

मित्रांनो, मी एक हेरकथा आहे. चोरीची गोष्ट पोटात घेऊन जगते, त्यामुळे माझा पटकन कोणावर विश्वास बसत नाही. तुमच्यापैकी कोणाला शेवटचं पान आधी उघडायची खोड असेल, तर त्याने मला खाली ठेवावं.

माझा जन्म मालेगावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. मला लिहिलं सरिता मॅडमनी. ज्या मुलांचं शिकणं संथ असतं, त्यांना शिकवायला त्या गावोगाव एसटीने फिरतात. मेडशी गावची तनुजा त्यांची विद्यार्थिनी. ती सतरा वर्षांची आहे. बोट ठेवून एकेक शब्द वाचते आणि बोलायलाही वेळ घेते. पहिलीतल्या मुलांइतकं वाचते म्हणून सगळे तिला पहिलीचीच पुस्तकं द्यायचे. एकदा तिने फ्रॉक घातलेल्या सशाचं पुस्तक उचललं आणि सरळ बकरीपुढे टाकलं. बकरीने ते आवडीने खाल्लं. मॅडम आधी खूप हसल्या, मग विचारात पडल्या. तनुजाला अक्षरं मोठी आणि वाक्यं लहान लागतात, पण गोष्ट सतरा वर्षांच्या मुलीला रुचेल अशी हवी, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. म्हणून मी झाले. माझ्यात विहिरीवरची मोटार चोरीला जाते. रखवालदार, मेकॅनिक आणि घरचा जावई, तिघांवर संशय असतो.

दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, अक्षरं पयलीच्या लेकरायची अन् गोष्ट चोरीची? मले तर काई समजून नाई राह्यलं." जन्मतःच असं संशयाने पाहिलं गेल्यावर माझा स्वभाव दुसरा कसा होणार?

तनुजाचं घर भाजीवाल्यांचं. तिच्या हातची मेथीची जुडी बाजारात लांबून ओळखू येते, कारण तिची सुतळीची गाठ सुटत नाही, कापावीच लागते. मला पाहून तिचे डोळे चमकले. पहिल्या संध्याकाळी एक पान वाचून झालं. इतक्यात तिचा मोठा भाऊ दिनेश आला. जीव लावणारा भाऊ, पण धीर म्हणून नाही. "आन इकडं, किती वेळ लावतं? कोन चोर हाये ते मीच सांगतो तुले," म्हणत त्याने माझं शेवटचं पान उघडलं. तेवढ्यात आईने, सुचिताबाईंनी, टमाट्याचे कॅरेट उचलायला हाक मारली म्हणून मी वाचले.

सकाळी पाहते तर माझं शेवटचं पान गायब!

हेरकथेच्याच घरात चोरी! मी एकेकाला निरखायला लागले. दिनेशने पान उघडलं होतं, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. पण खरी नजर गेली आजीवर, हौसाबाईंवर. या घरात कुठलाही कागद आजीच्या हाती लागला की त्याची पुडी होते. वांग्याचं बी, भेंडीचं बी, सगळं राख लावून पुडीत बांधायचं आणि फळीवर ठेवायचं. मीही त्याच फळीवर होते. शेजारच्या पुड्या वर्तमानपत्राच्या, कॅलेंडरच्या. आणि एक पांढरीशुभ्र! माझ्याच अंगाचा कागद! आजी जवळ आली की मी अंग चोरायची. मला वाटायचं, आज एक पान घेतलं, उद्या मला अख्खीलाच बियांभोवती गुंडाळेल. मांजरीवरसुद्धा मी संशय घेतला.

तनुजा मात्र रोज थोडंथोडं वाचत होती. शेवटाकडे आली तेव्हा पान नसल्याचं आईच्या लक्षात आलं. आई म्हणाली, "फाटलंच हाये तं मॅडमले वापस देऊन टाकू. नाईतरी पुढचं तिले काय समजन? सशाचंच बरं होतं." मला थैलीत भरलं. तनुजाने तोंड उघडलं, पण तिचे शब्द जुळायच्या आत आई निघूनही गेली. मला फार वाईट वाटलं. पुन्हा तिच्या हाती ससाच येणार होता.

त्याच दुपारी आजी उन्हाळी भेंडीचं बी काढायला फळीपाशी आली. तिने पांढरी पुडी उचलली, गाठ सोडायला गेली, सुटेना. "ही गाठ कोनं मारली व?" म्हणत तिने विळा घेतला.

"हात नको लावू! ते माहं हाये!" तनुजा धावत आली.

सगळे जमले. आई म्हणाली, "तनू, तू फाडलं पान? काहून व?"

तनुजा शब्द गोळा करू लागली. दिनेश मध्येच म्हणाला, "तिले ना—" तिने हात वर करून त्याला थांबवलं. मग सावकाश म्हणाली, "तुमी सांगून टाकता. सगळंच सांगून टाकता. मले... मले सोता पाहाचं हाये, कोन हाये ते."

मी तर चाटच पडले. मी घरभर संशय घेतला, मांजरीलाही सोडलं नाही. पण तनुजाचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नाही. संशय घ्यायलाही समोरच्याला डोकं आहे असं मानावं लागतं, मित्रांनो.

आईने मला थैलीतून काढून तिच्या हातात दिलं. उरलेलं वाचून झाल्यावर तनुजाने स्वतः गाठ कापली, पान घेऊन बांधावर एकटीच बसली आणि बोट ठेवून ते वाचलं. परत आली ती गालात हसत. पानाची पुन्हा पुडी केली, पुन्हा गाठ मारली.

आजीला राहवेना. "कोन निंगाला व? सांग ना!"

"मी नाई सांगत. पयल्या पानापासून वाचतो. आयक."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती आजीला वाचून दाखवते. वाचता वाचता माझे कोपरे दुमडले, कडा मळल्या. आजी दर पानाला म्हणते, "हाच असन चोट्टा!" तनुजा बोट तिथेच ठेवते. थांबते आणि पुढे वाचते.

म्हणून एक विनवणी आहे. तुमच्या शेजारी कोणी सावकाश वाचत असेल, तर त्याला त्याच्या वयाची गोष्ट द्या आणि शेवटापर्यंत त्याचं त्याला जाऊ द्या. चोर कोण, असं मला विचारू नका. शेवटचं पान अजून पुडीतच आहे, आणि ती गाठ तनुजाच कापते.