सहा किलोला एक किलो

मी एक जुनी सरकपट्टी आहे, मित्रांनो. दीड वीत लांब, दोन बोटे रुंद. वर एक आणि खाली एक अशा माझ्या दोन पट्ट्या घट्ट बसवलेल्या आहेत आणि मधली पट्टी त्यांच्यामधून सरकते. अंगावर एक काचेची चौकट आहे, तिच्यावर केसाएवढी बारीक रेघ. गणकयंत्रे आली त्याआधी मोठमोठे हिशेब माझ्यावर होत असत.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझे अंग बांबूचे आहे. बांबू फारसा फुगत नाही आणि फारसा आक्रसतही नाही, म्हणून तो निवडला होता. मला विद्या एकच येते. मधली पट्टी सरकवून दोनासमोर तीन आणा, की चारासमोर आपोआप सहा येतात आणि सहासमोर नऊ. एकदा एक नाते जुळवून दिले, की त्या नात्यातल्या सगळ्या जोड्या माझ्या अंगावर समोरासमोर उभ्या राहतात. शाळेत याला गुणोत्तर म्हणतात.

ऑकलंडच्या एका दुकानात तोआकासेबाईंनी मला विकत घेतले. त्या तिथे शिक्षिका होण्यासाठी शिकत होत्या. पुढे त्यांच्याबरोबर मी बोटीने प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात आले आणि तिथून वावाऊ बेटांवरच्या त्यांच्या गावी. गावच्या शाळेत त्या गणित आणि विज्ञान शिकवू लागल्या.

ती माझी भरभराटीची वर्षे! बाई मुलांना अंगणात नेत, एक काठी उभी करून तिची सावली मोजायला लावत, मग शेजारच्या माडाची. काठी आणि तिची सावली यांचे नाते माझ्यावर लावले, की माडाची उंची समोर येई. दवाखान्याचे कंपाउंडर मला मागून नेत आणि मुलाच्या वजनाच्या मानाने औषध किती द्यायचे ते पाहत. होडी बांधणारेही येत. माझ्यात एक उणीव मात्र होती. आकडे मी सांगते, पण शून्ये मला कळत नाहीत. चौदा, एकशे चाळीस, चौदाशे, मला सगळे सारखेच. एकदा एका मुलीने ऐटीत उत्तर दिले, "बाई, माड एकशे चाळीस मीटर!"

"अगं बाई!" तोआकासेबाई म्हणाल्या. "एवढ्या उंचावरून नारळ निघाला, तर तो खाली पडेपर्यंत शाळा सुटेल. आधी डोळ्यांनी बघ, मग पट्टीला विचार."

मग गणकयंत्रे आली. बटण दाबले की उत्तर, तेही शून्यांसकट. मी बिस्किटांच्या डब्यात गेले. तिथून कोणी काढलेच, तर समास आखायला किंवा गांधीलमाशी हाणायला. अशाच एका हाणामारीत माझी काच तडकली. मला वाईट वाटले, पण तक्रार कोणाकडे करणार?

त्याच काळात गावात व्हॅनिला आली. बाईंचे धाकटे भाऊ फेलेती यांनी सगळ्या घरांना वेल लावायला शिकवले आणि एक सामाईक वाळवणघर उभारले. प्रत्येक घर हिरव्या शेंगा आणून वजन करी, फेलेती त्या कढत पाण्यात बुडवून, घोंगड्यांत गुंडाळून, उन्हात वाळवून मुरवीत. नियम सगळ्यांना पाठ होता, सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो मुरलेली शेंग. व्यापारी जे पांगा, म्हणजे आमच्याकडचे पैसे, देई, ते ज्याच्या त्याच्या हिरव्या वजनाच्या मानाने वाटले जात.

एका वर्षी भाव फार चढला. शेजारच्या बेटावर वेलींवरून शेंगा चोरीला गेल्याची बातमी आली आणि सगळे धास्तावले. प्रत्येकाने आपापल्या हिरव्या शेंगांवर टाचणीने खूण टोचून ठेवली. कोणी मासा, कोणी चांदणी, कोणी नुसत्या तीन टिंबांची. ही टोचलेली खूण शेंग मुरल्यावरही जात नाही. तरी धीर कोणालाच धरवेना, बहुतेकांनी शेंगा लवकर तोडल्या.

हंगामाच्या शेवटी तराजू लावला. हिरवी शेंग आली होती चारशे ऐंशी किलो. मुरलेली भरायला हवी होती ऐंशी. भरली चौसष्ट.

गावातले मोठे बागायतदार पाएआ यांनी गणकयंत्रावर दोनदा आकडे मारले. "सोळा किलो कमी," ते म्हणाले. "काय हो फेलेती, तुमच्या वाळवणघराला उंदीर लागलेत की काय? दोन पायांचे?"

काही जण हसले. फेलेतींनी कमरेची वाळवणघराची किल्ली सोडली, तराजूच्या पारड्यात ठेवली आणि ते घरी गेले. त्या रविवारी ते प्रार्थनेला आले नाहीत. जमिनीखालच्या भट्टीत शिजलेल्या जेवणातला वाटा बहिणीकडे दर रविवारी येई, तो मात्र आला. पण तो घेऊन भावाऐवजी भावजय आली होती आणि तिचे डोळे सुजले होते.

बाईंनी तो वाटा तसाच झाकून ठेवला. मग बिस्किटांचा डबा उघडला आणि मला बाहेर काढले. कोरड्या फडक्याने पुसताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "चारशे ऐंशीला चौसष्ट. म्हणजे साडेसाताला एक. पण सगळ्यांचं साडेसात, की कुणाचं सहा आणि कुणाचं नऊ?"

दुसऱ्या दिवशी वाळवणघरात चटया अंथरल्या गेल्या. गावातल्या बायका बसल्या आणि काळ्याभोर, तेलकट शेंगा एकेक करून खुणांप्रमाणे निवडू लागल्या. मासा माशाकडे, चांदणी चांदणीकडे. तीन दिवस सगळ्या गावाला व्हॅनिलाचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई निवडता निवडता थांबल्या. तीन टिंबांचा ढीग त्यांच्यासमोर होता. ती त्यांची स्वतःची खूण होती.

चौथ्या दिवशी सगळा गाव जमला. बाई आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून, एखाद्या मोठ्या कार्याला यावे तशा आल्या. फेलेती बाहेर पायरीवर उभे राहिले. आमच्याकडे बहिणीचा मान भावाहून मोठा, तिच्या पुढ्यात भाऊ ऐसपैस बसत नाही.

पहिला ढीग लोसेकाकूंचा. त्या एकट्या राहत आणि चोरांना न भिता शेंगांची टोके पिवळी होईपर्यंत थांबल्या होत्या. हिरवी साठ किलो, मुरलेली अकरा. बाईंनी मला सरकवले. "साधारण साडेपाचाला एक. चोर असता, तर इथंही शेंग कमी भरली असती आणि आकडा सहाच्या वर गेला असता."

"माझं काय चोरायचंय?" काकू म्हणाल्या. "माझ्या घरात चोर आला तर त्यालाच दोन घास घालावे लागतील."

दुसरा ढीग पाएआंचा. हिरवी एकशे वीस, मुरलेली पंधरा. "आठाला एक. पाएआ, तुम्ही शेंगा कधी तोडल्या?"

पाएआ घुटमळले. "तीन आठवडे आधी. सगळेच तोडत होते."

"कच्च्या शेंगेत गर कमी, पाणीच जास्त. ते उन्हात उडून जातं. तुमची चोरी सूर्यानं केली."

आता कोणी हसले नाही. बाकीचे ढीग मोजून झाल्यावर बाईंनी शेवटचा ढीग स्वतः पारड्यात ठेवला. त्यांच्या मानाची सगळ्यांना सवय होती, तो ढीग बाजूला ठेवला असता तरी कोणी विचारले नसते.

"हिरवी पंचेचाळीस, मुरलेली पाच," त्या म्हणाल्या. "नवाला एक. गावात सगळ्यात वाईट. ही तीन टिंबं माझी."

त्यांनी पारड्यातली एक शेंग उचलून तिच्यावरची खूण सगळ्यांना दाखवली.

"परीक्षेचे पेपर तपासायला मला राजधानीला जायचं होतं. म्हणून मी सगळ्यांच्या आधी तोडल्या. पिवळ्या होऊ देत, असं माझा भाऊ हंगामाच्या सुरुवातीला घरोघर सांगत होता. पण मी शेंगा आणल्या, तेव्हा त्यानं त्या मुकाट्यानं घेतल्या. बहिणीला नाही कसं म्हणणार?"

मागून कोणीतरी हळूच बोलले, "बाईंनी तोडल्या, म्हणून मग आम्हीपण..."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला उंच धरून दाखवले. हिरव्या वजनाने वाटणी केली, तर साडेसाताला एक या मानाने लोसेकाकूंना आठ किलोंचे पैसे, पाएआंना सोळांचे, बाईंना सहांचे. मुरलेल्या वजनाने केली, तर काकूंना अकरांचे, पाएआंना पंधरांचे, बाईंना पाचांचे. थांबणाऱ्याच्या ताटातले न थांबणाऱ्यांनी कसे खाल्ले असते, ते माझ्या अंगावर सगळ्यांना दिसले. यापुढे वाटणी मुरलेल्या वजनानेच करायची, असे ठरले.

पाएआ उठले. भर गर्दीतून पायरीपाशी गेले, खाली बसले आणि त्यांनी मान झुकवली. "फेलेती, माझी जीभ कच्ची निघाली."

फेलेतींनी त्यांना हाताला धरून उठवले. मग ते आत न येता दारातूनच बहिणीला म्हणाले, "ताई, मी नको म्हणायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मी ऐकायला हवं होतं. किल्ली घे."



तोआकासेबाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी शाळेच्या कपाटात असते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला फार काही लागत नाही. ओल्या हाताने धरू नका, उन्हात ठेवू नका, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. एक विनंती मात्र मनापासून करते. कोणी येऊन म्हणेल, सोळा कमी आहेत. कोणी म्हणेल, शंभर नापास झाले, हजार आजारी पडले. तो एकटा आकडा ऐकून लगेच कोणावर बोट रोखू नका. कशाच्या मानाने, असे आधी विचारा. आणि उत्तर शोधताना जो ढीग तुमचा स्वतःचा असेल, तोही पारड्यात घाला.

माझी मधली पट्टी हल्ली जरा अडते. जोर लावू नका. दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू सरकवा, ती येईल.