दोन बोटं जास्त

सात वाजले की अर्लची नजर अजून फोनकडे जायची. युकॉन नदीकाठच्या त्या पूर-इशारा ऑफिसात रोज सातला म्हातारा एनॉक नदीची पातळी कळवायचा, आणि उपग्रहाच्या मापापेक्षा ती हमखास दोन बोटं जास्त निघायची. "म्हातारबा, चष्मा बदला!" अर्ल खिदळायचा. एनॉक या हिवाळ्यात गेला.

आज नदीवरचा बर्फ फुटत होता, म्हणजे पुराची भीती. उपग्रहाचा आकडा आला, तो धोक्याच्या खुणेला दोन बोटं कमी. म्हणजे गावाला सावध करणारा भोंगा वाजवायचं कारण नव्हतं. तरी अर्लने एनॉकच्या लेकीला, मायराला, फोन लावून त्या दोन बोटांबद्दल विचारलं.

"बाबांचा चष्मा झकास होता रे," ती म्हणाली. "माझा भाऊ वाहून गेला ना, त्या दिवशी त्यांनी बरोब्बर आकडा कळवला होता. भोंगा वाजेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून दोन बोटं वाढवूनच सांगायचे."

अर्लने फोन ठेवला. बंद फोनातून त्याला एनॉकचं खाकरणं स्वच्छ ऐकू आलं. त्याने दोन बोटं वाढवून आकडा लिहिला आणि भोंगा दाबला.

लगेच साहेबांचा फोन. "अर्ल, उपग्रह वेगळंच सांगतोय! दिसतं का तुला?"

"नाही साहेब," अर्ल म्हणाला. "चष्मा बदलायला झालाय."