शनिवारचं तेल

कोल्हारच्या गहिनीनाथांची मोटार इंग्रजी अमदानीतली, आजोबांनी घेतलेली. पंचक्रोशीत वरातीला तीच लागे. आता वरात म्हणजे काय? गाडीपुढे सारं गाव नाचतं आणि नाचणाऱ्यांची पाठ गाडीकडे असते. त्यांचा जीव कोणाच्या भरवशावर? ब्रेकच्याच ना! तुम्हीआम्हीही कधी ना कधी असे नाचलो आहोत.

त्या शनिवारी बाजारातून ही मोटार सावकाश चालली होती. गहिनीनाथांनी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे वळली ती थेट भाजी विकणाऱ्या छबूबाईंच्या वांग्यांवर! म्हातारी मागे कोलमडली म्हणून वाचली, मनगट तेवढं मुरगळलं. गहिनीनाथ धावत खाली उतरले. उलट तिनेच त्यांची समजूत घातली.

"जाऊ द्या नाना, शनीची नजर फिरली. तुमचा काय दोष?"

हे बोलणं गहिनीनाथांना फार गोड लागलं.

घरी येताच त्यांनी तेलाची बाटली काढली. दर शनिवारी शनिमहाराजांच्या नावाने चाकांना तेल वाहायचा त्यांचा नेम होता. अलीकडे ब्रेकची कुरकुर वाढली, तशी तेलाची धारही वाढली होती. शेजारच्या सूर्यभानच्या निकिताची वरात आठवड्यावर आली होती, तेव्हा आज जरा जास्तच ओतायला हवं होतं.

"थांबा," त्यांच्या पत्नी मुक्ताबाई म्हणाल्या. बाई स्वतः शनिवार धरणाऱ्या. "अहो, गाडी उजवीकडंच का वढती?"

"साडेसाती हाय, दुसरं काय!"

"साडेसातीला डावं-उजवं कळतं व्हय? तुमी तेल कुठल्या चाकाला जास्त घालता, ते सांगा."

गहिनीनाथांनी गाडीकडे पाहिलं. गाडीची उजवी बाजू पडवीच्या भिंतीला लागून असायची. तिकडे हात पोचत नाही, म्हणून नुसता शिंतोडा. डाव्या चाकांना मात्र मनसोक्त अभिषेक!

गाडी अंगणात घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंना आळीपाळीने जॅक लावला. मुक्ताबाईंनी ब्रेक दाबून धरला, तरी डावं चाक हाताने गरगर फिरलं. उजवं जागचं हललं नाही. डाव्या चाकाचा ड्रम उघडला, तर ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक घट्ट धरणाऱ्या पट्ट्या, तेलात चिंब!

"अरे देवा! म्हंजी हे मीच केलं?"

"देवाला तेल देवळात वाहा, मी बी संगं येते. पर आपली चूक त्याच्या माथी मारली, तर ती सुधरायची कुनी?"

गहिनीनाथ कामाला लागले. त्यांनी ड्रम पेट्रोलने लख्ख पुसले, नगरहून नवे लायनर आणून बसवले, चारही चाकांचे ब्रेक सारखे लावून घेतले. प्रवरेकाठच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी नाकासमोर थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सरळ.

वरातीची काळजी मिटली, पण मन काही स्वस्थ बसेना. शेवटी ते छबूबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मावशी, दोष शनीचा न्हवता. चाकात तेल मीच ओतलं, त्यानं ब्रेक लागला न्हाई."

छबूबाई भडकल्या.

"आन् मी येडी देवाला नारळ कबूल करून बसले! माझा जीव गेला आसता, तर तो बी शनीच्याच नावावर मांडला आसता ना तुमी?"

गहिनीनाथांनी सारं खाली मान घालून ऐकलं. बोलणं झोंबत होतं, पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

वाचकहो, देव आपल्या चुका पोटात घालत असेल, पण रस्त्यावर त्या दुसऱ्याच्या अंगावर जातात. श्रद्धा देवापाशी असावी, जबाबदारी मात्र आपल्यापाशीच ठेवावी!